जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की बदलावा: तपासणीपासून हिशेबापर्यंत, क्रमाने

सहा-सात वर्षांचा लॅपटॉप कुरकुरायला लागला की बहुतेक घरांत आधी दुकान, मग कोटेशन, मग निर्णय असं चालतं. हा क्रम उलटा आहे. "मदरबोर्ड गेलाय" असं ऐकून कुणी घाईने नवा लॅपटॉप घेतं आणि बिघाड निघतो चार्जरचा. कुणी चार महिन्यांत आधी बॅटरी, मग रॅम, मग कीबोर्ड असे सुटे खर्च करत जातं आणि शेवटी कळतं की या मशीनवर विंडोज ११ चालणारच नाही. दोन्हीकडे चूक तीच: नेमकं काय बिघडलंय आणि हे मशीन अजून किती पुढे जाऊ शकतं, हे दोन प्रश्न पैसे खर्च करण्याआधी विचारलेच जात नाहीत.

पुढचा सगळा मजकूर २०१६ ते २०१९ च्या दरम्यान घेतलेला १५.६ इंची विंडोज लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: आय३ किंवा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. अशी मशीन्स आज घरोघरी आहेत आणि गोंधळही त्यांच्याबाबतच जास्त होतो.

सावधान, सगळ्याच्या आधी: टचपॅड क्लिक होत नाही, तळाचं कव्हर मधोमध फुगलंय, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो. यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं धरा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. कव्हर दाबून बसवू नका, टोकदार वस्तूने उचकटू नका. बॅटरी बाहेर निघाल्याशिवाय पुढची एकही चाचणी करू नका.

## टप्पा १: डेटा बाहेर काढा

लॅपटॉप चालू होतोय तोवरच हे काम करून घ्या. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतात. विसरतात ते डेस्कटॉपवरच्या फायली, डाउनलोड्स फोल्डर, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि टॅलीचं डेटा फोल्डर.

टॅलीचं लायसन्स दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर जुन्या मशीनवर ते आधी सरेंडर करा. मशीन बंद पडल्यावर तेच काम किचकट होतं. मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालत असेल तर डोंगल काढून स्वतःजवळ ठेवा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन तर लॅपटॉपला लावलेला ठेवून दुकानात कधीच देऊ नका.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोजने लावलेलं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मदरबोर्ड बदलला, कधी कधी नुसता बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केला, तरी स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा गेला म्हणून समजा. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ही की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.

सावधान: हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर "एरर चेकिंग", डीफ्रॅग, अँटिव्हायरस स्कॅन यांपैकी काहीही चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवलं की ती त्यातच जाते. सगळ्यांत महत्त्वाचं फोल्डर आधी कॉपी करा, बाकीचं नंतर.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फायली प्रत्यक्ष उघडून बघा. फायलींची नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नव्हे.

## टप्पा २: चार्जर आणि बॅटरी

लॅपटॉप अजिबात चालू होत नसेल तर चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करून बघा. तरी नाही झाला तर त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त वॉटचा ओळखीच्याचा चार्जर लावून बघा. व्होल्ट चार्जरवर छापलेले असतात, बहुधा १९ किंवा १९.५. पिनही तीच हवी.

पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी? एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड शाबूत आहे, दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. टीव्हीवरही काही नसेल तर रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवा. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून बघा. "डेड" ठरवलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यानेच उठतात.

चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या बॅटरीची तब्येत विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत "पॉवरसीएफजी" टाइप करा (स्पेलिंग पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी), एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून "बॅटरीरिपोर्ट" हा शब्द सलग टाइप करून एंटर दाबा. रिपोर्ट कुठे तयार झाला ते खाली दिसतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि दोनच आकडे बघा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला ४१,००० आणि दुसरा १७,५०० असेल तर बॅटरीत सुमारे ४३ टक्के जीव उरलाय. ६० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला तूर्त हात लावू नका. त्याखाली असेल आणि तुम्ही लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच वापरत असाल, तरीही घाई नाही. पण वीज जाताच लॅपटॉप धाडकन बंद होत असेल तर बॅटरी खर्चाच्या यादीत धरा.

## टप्पा ३: मंद का झालाय

इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात, कारण "स्लो झालाय" म्हटलं की दुकानात रॅम वाढवून देतात आणि खरा दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असतो.

लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा. नेहमीची कामं उघडा: ब्राउझरचे चार-पाच टॅब, एक वर्ड फाइल.

डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांना भिडलेला आणि सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत असेल, तर डिस्क अडवतेय. मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये हे दोन्ही एकत्र दिसतं, कारण रॅम भरली की विंडोज तेच ओझं डिस्कवर टाकतं. अशा वेळी डिस्क आधी बदलायची. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावल्यावर ४ जीबीतसुद्धा फरक लगेच जाणवतो. फिरती डिस्क तशीच ठेवून ८ जीबी केली तर लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो.

तिसरी शक्यता क्वचित लक्षात येते. सीपीयूच्या पानावर स्पीड ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्‌झलाच अडकलाय आणि काही केल्या वर जात नाही. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही की प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. चार्जरच्या पिनच्या मधली बारीक सुई वाकलेली किंवा आतली वायर तुटलेली असते. बायोसमध्ये चार्जर "अननोन" दिसत असेल तर खात्री झाली. असा लॅपटॉप नव्या चार्जरने बरा होतो. त्यात एसएसडी घातली तरी रडगाणं तेच.

वेग आधी चांगला आणि पंधरा मिनिटांनी ढेपाळतो, पंखा ओरडतो, तळ चटका बसेल इतका तापतो: हे धुळीचं काम आहे. पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या जाळीवर, धुळीची नमद्यासारखी जाड पट्टी बसते. बाहेरून ब्लोअर मारून ती निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसते. पंखा उघडून ती पट्टी उचलायची, थर्मल पेस्ट बदलायची. खर्च थोडा, फायदा मोठा.

तपासा: क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. "रीअलोकेटेड सेक्टर्स" किंवा "करंट पेंडिंग सेक्टर" यांच्या रॉ व्हॅल्यूत शून्याशिवाय काही असेल, किंवा वर "कॉशन" लिहून आलं, तर डिस्क बदलायचीच आहे. लॅपटॉप ठेवा किंवा विका, या डिस्कवर विसंबू नका.

## टप्पा ४: हे मशीन किती पुढे जाईल

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे. त्यामुळे जुन्या लॅपटॉपचं पुढचं आयुष्य बरंचसं एका प्रश्नावर ठरतं: विंडोज ११ चालेल का?

सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलमध्ये आडव्या रेघेनंतरचा आकडा वाचा. आय५-७२००यू ही सातवी पिढी, आय५-८२५०यू ही आठवी. विंडोज ११ ची अधिकृत रेघ साधारण आठव्या पिढीवर आहे. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. आठव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम असतोच, पण काही वेळा बायोसमध्ये बंद असतो. तो चालू केला की "चालत नाही" म्हणणारं मशीन चालतं. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे सॉफ्टवेअर पक्कं उत्तर देतं, एएमडीसाठीही तेच वापरा.

सावधान: "सातव्या पिढीवरही विंडोज ११ टाकून देतो" असं अनेक दुकानांत सांगतात. अट चुकवून ते बसतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यावर नेट बँकिंग किंवा दुकानाचे हिशेब ठेवायचे असतील तर हा मार्ग धरू नका.

सातव्या पिढीचं मशीन म्हणजे भंगार नव्हे. फक्त ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट छान चालतं, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंगही त्यात आहे. टॅली, जुने डीटीपी फॉन्ट किंवा डिजिटल सिग्नेचरवर चालणारी सरकारी पोर्टलं ही रोजची कामं असतील तर मात्र लिनक्सवर जाऊ नका.

दुसरी मर्यादा रॅमची. तळ उघडून (किंवा मॉडेल नंबरवरून) बघा: रॅमला स्लॉट किती, की पट्टी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे? ४ जीबी सोल्डर आणि स्लॉट शून्य असेल तर ते मशीन विंडोजसाठी संपलं. एसएसडीवरसुद्धा फार खर्च करू नका. एक स्लॉट मोकळा असेल तर डीडीआर३एल की डीडीआर४ हे आधी पक्कं करा, दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून बरेच वर गेलेत, तेव्हा सहा महिन्यांपूर्वी कुणी सांगितलेल्या आकड्यावर हिशेब करू नका.

## टप्पा ५: मोडतोड

बिजागरी. स्क्रीन उघडताना कोपऱ्यात कुर्र असा आवाज येतो, तळाच्या आणि स्क्रीनच्या कव्हरमध्ये फट पडते. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुशांत फिरवलेले असतात. वर्षानुवर्षं बिजागरी आवळत जाते, उघडताना सगळा जोर त्या बुशांवर येतो आणि ते बुश प्लॅस्टिकसकट उपटून येतात. याच अवस्थेत दुरुस्ती स्वस्त असते: बिजागरीचा नट थोडा सैल करायचा, बुश पुन्हा बसवायचे किंवा कव्हर बदलायचं. "चालतंय अजून" म्हणून दोन महिने ढकललं की वाकलेल्या कव्हरमुळे स्क्रीनला तडा जातो, बिजागरीतून जाणारी केबल तुटते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नुसत्या फेव्हिक्विकने चिकटवून घेऊ नका, पुढच्या कारागिराला ते भाग सुटे करताच येत नाहीत.

स्क्रीन. आडव्या-उभ्या रेघा स्क्रीन हलवल्यावर बदलत असतील तर आधी केबल तपासून घ्या. पॅनेल बदलायचंच असेल तर ३० पिन की ४० पिन, रिझोल्यूशन आणि बाजूच्या पट्ट्या जुळल्या पाहिजेत. जुन्या पॅनेलच्या मागच्या लेबलचा फोटो काढून तोच नंबर मागा.

कीबोर्ड. काही मॉडेलमध्ये तो चार स्क्रूंवर निघतो, काहींत प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वरच्या कव्हरला जखडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात मजुरी जास्त पडते. स्थिर बसून काम असेल तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड हाच शहाणपणाचा उपाय.

पाणी किंवा चहा सांडला. लगेच बंद, चार्जर बाहेर, उघडून तंबूसारखा पालथा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, हेअर ड्रायरने पाणी आणखी आत जातं. साध्या पाण्यापेक्षा चहा वाईट, साखर आणि दूध वाळून बोर्डावर चिकटतात. वाळल्यावर चालू झाला म्हणून सुटलो असं समजू नका. एक-दोन दिवसांत उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन घ्या, नाहीतर गंज चढत राहतो आणि महिना-दोन महिन्यांनी मशीन अचानक बसतं. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत हे आणखी लवकर होतं.

मदरबोर्ड. "चिप लेव्हलचं काम" दोन प्रकारचं असतं. पॉवर लाइनवरचा कपॅसिटर, मॉस्फेट किंवा चार्जिंग आयसी बदलणं हे रास्त आणि टिकाऊ काम. ग्राफिक्स चिपला हीट देऊन जागं करणं हे दोन-चार आठवड्यांचं समाधान, त्याला पैसे देऊ नका. पाच वर्षांच्या पुढच्या लॅपटॉपला अख्खा मदरबोर्ड बदलणं सहसा परवडत नाही, कारण मिळणारा बोर्डही बहुधा दुसऱ्या जुन्या मशीनमधूनच काढलेला असतो.

## टप्पा ६: कोटेशन घेताना

आता दुकानात जा, किमान दोन. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या तालुक्याच्या गावात, नियम एकच: तुम्हाला सापडलेली लक्षणं सांगा, निदान तुमचं तुम्ही सांगू नका. "एचडीएमआयवर चित्र येतं, स्क्रीनवर येत नाही" असं म्हटलं की समोरच्याला कळतं की माणूस तपासून आलाय.

कोटेशन लेखी हवं: भागाचा नंबर, नवा की काढलेला, मजुरी वेगळी, वॉरंटी किती महिने, तपासणीचे पैसे दुरुस्ती न केल्यास किती. लॅपटॉप ठेवून यायचा असेल तर रॅम आणि डिस्कच्या लेबलांचे फोटो काढा, शक्य असेल तर डिस्क घरीच ठेवा. बदललेले जुने भाग परत मागा. आपला पासवर्ड देण्याऐवजी तपासणीपुरतं वेगळं खातं उघडून द्या.

## टप्पा ७: हिशेब

सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज एकदम करा. आज लागणारी आणि पुढच्या वर्षभरात लागेल असं दिसत असलेली, दोन्ही. मग त्या बेरजेला मशीन अजून जितकी वर्षं तुमचं काम करेल तितक्या वर्षांनी भागा.

रीत दाखवण्यापुरते आकडे घेऊ. एसएसडी, रॅम, बॅटरी मिळून ८,५०० रुपये, आठव्या पिढीचं मशीन, अजून दोन वर्षं चालेल: वर्षाला ४,२५०. नवा लॅपटॉप ४८,०००, सहा वर्षं चालेल: वर्षाला ८,०००. कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड २४,०००, तीन वर्षं: पुन्हा वर्षाला ८,०००. दुरुस्ती उघड फायद्याची. आता त्याच मशीनची बिजागरी आणि स्क्रीनही गेलेली असेल आणि त्याचे ९,००० वाढले, तर बेरीज १७,५००, वर्षाला ८,७५०. इथे थांबायचं.

या हिशेबात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एसएसडी पुढच्या मशीनमध्ये किंवा यूएसबी केसमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून वापरता येते, म्हणून ती पूर्ण खर्च म्हणून धरू नका. बॅटरी आणि स्क्रीनचे पैसे मात्र मशीनबरोबरच जातात. आणि "आधीच सात हजार घातलेत" हा आकडा या बेरजेत कुठेच येत नाही.

## टप्पा ८: दुरुस्तीच ठरली तर क्रम

पंख्याची सफाई आणि एसएसडी एकाच वेळी करा, तळ एकदाच उघडावा लागतो. आठवडाभर वापरा. मेमरी तरीही भरत असेल तर रॅम. बॅटरी शेवटी. बिजागरी आणि स्क्रीन दोन्ही करायच्या असतील तर बिजागरी आधी, नाहीतर नवं पॅनेलही तसंच फुटेल.

एसएसडी घेताना बहुतेक जण इथे चुकतात: एम.२ स्लॉट (एसएसडीची पट्टी बसवायची खाच) दिसला की एनव्हीएमई ही जास्त वेगवान जोडणीची एसएसडी आणतात, आणि स्लॉट फक्त साटा या जुन्या जोडणीचा असेल तर ती ओळखलीच जात नाही. मॉडेलची माहिती बघा. खात्री नसेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ७ मिलिमीटर जाडीची २.५ इंची साटा एसएसडी बिनधास्त बसते.

विंडोज नव्याने टाका. लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असल्याने इंटरनेट मिळताच ते आपोआप लागू होतं. जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये ठेवा आणि महिनाभर फॉरमॅट करू नका. राहून गेलेली एखादी फाइल त्या महिन्यातच आठवते.

## टप्पा ९: बदलायचं ठरलं तर

नव्यात ८ जीबी सोल्डर रॅम आणि स्लॉट नसलेलं मॉडेल टाळा, तीन-चार वर्षांनी पुन्हा याच लेखाच्या चौथ्या टप्प्यावर याल. १६ जीबी किंवा किमान एक मोकळा स्लॉट, ५१२ जीबी एनव्हीएमई, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात.

रिफर्बिश्ड घेताना पैसे देण्याआधी दुकानातच टप्पा २ चा बॅटरी रिपोर्ट काढा आणि बायोस उघडून बघा. बायोसला पासवर्ड असेल किंवा विंडोज सुरू करताना एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचंच लॉगिन मागत असेल, तर ते मशीन परत द्या.

जुनं विकण्याआधी फिरत्या डिस्कला "क्विक" ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, एसएसडी असेल तर "रीसेट धिस पीसी" मध्ये डेटा साफ करण्याचा पर्याय निवडा. विकला न जाणारा लॅपटॉप भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या ई-कचरा केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रावर द्या आणि पोच घ्या. फुगलेली बॅटरी वेगळी द्यायची: टोकांवर इन्सुलेशन टेप, नेईपर्यंत कोरडी वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, घराबाहेर सावलीत, आणि देताना ती फुगलेली आहे हे तोंडाने सांगायचं.